गेंड्याचे मागचे पाय

२ मार्च

ही वही नातीने दिली. विमा कंपनीची जुनी डायरी आहे, कुठल्या तरी सरलेल्या सालातली. त्यामुळे तारखा बरोबर आणि वार सगळे चुकीचे. पानावर छापलाय शुक्रवार आणि घरात सोमवारची घाई. नात म्हणाली, "आजी, दिवसभर जे बोलतेस ते यात लिही. बाबांच्या कानांना जरा सुट्टी." तिचे बाबा म्हणजे माझा लेक. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले. जोडाक्षर आलं की अजून जीभ बाहेर येते. पण बोलायला कुठे जोडाक्षरं लागतात? तसंच लिहीन.

तर आजची बातमी. नातीने गेंड्यासाठी मागचे दोन टायर आणले. असे रुंद, की एक आडवा टाकून मी त्यावर बसून भाजी निवडली. चौरंगावर बसल्यासारखं वाटलं.

गेंडा म्हणजे आमची गाडी. ह्यांची. राखाडी रंग, दोनच दारं, लांबलचक नाक आणि पोटात आठ सिलिंडर. सुरू केली की शेजारणीच्या कपाटातल्या बशा वाजतात. ताकद सगळी मागच्या चाकांत, आणि चाकं मात्र सायकलला शोभतील अशी. जरा जोरात निघालं की चाक जागच्या जागी गरगरतं, धूर निघतो आणि गाडी तिथल्या तिथे. हे म्हणायचे, "पैलवानाच्या पायात पोराच्या चपला आहेत." ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. चपला त्याच राहिल्या होत्या.

आता लेक म्हणतो, गेंडा विकायचा. जुन्या गाड्या गोळा करणारा कुणी शौकीन आहे, तो पंधरा तारखेला दुपारी घेऊन जाणार. नातीने आकाशपाताळ एक केलं. शेवटी लेक म्हणाला, "बरं. त्या दिवशी सकाळी आपण चौघं बसून पाण्याच्या टाकीचा चढ चढू. चाक एकदाही गरगरता कामा नये, कुठे काही घासता कामा नये. चढला तर राहील. नाही तर दुपारी जाईल."

टाकीचाच चढ का, ते मला माहीत आहे. लेक लहान होता तेव्हा त्याच चढावर, खडीवर, चाकं फिरली आणि गेंडा मागे मागे येत खालच्या फाटकाच्या खांबाला जाऊन टेकला. कुणाला ओरखडा नाही. पण हा मागच्या सीटवर एकटा होता. त्या दिवसापासून गाडीचं नाव काढलं की तोंड वाकडं. तरी रोज सकाळी गॅरेजात जाऊन गाडीत बसतो. पेपर वाचायला जातो म्हणे. पेपर बाहेरच्या खोलीत तसाच पडलेला असतो. वय झालं की विसरायला होतंच माणसाला.

४ मार्च

उद्या हवालदार येणार, म्हणून आज डिकी रिकामी केली. हवालदार म्हणजे कोपऱ्यावरचा टायरवाला. सगळ्या गावाच्या चाकांत हवा भरतो म्हणून ह्यांनीच ते नाव ठेवलं. मिशाही तशाच आहेत.

डिकी माझी आहे. हे मी अजून लिहिलंच नाही, नाही का? इतर बायकांना नवरे दागिने करतात, ह्यांनी मला डिकी दिली. लग्नानंतर आमची एकच खोली होती. माझं सामान मावेना. हे म्हणाले, "ठेव की गेंड्याच्या पोटात." तेव्हापासून तिथे माझा संसार आहे. जात्याच्या दोन्ही तळ्या, लोखंडी खलबत्ता, सागवानी मुसळ, कोळशाच्या दोन इस्त्र्या, सासूबाईंच्या शिलाई मशीनचं डोकं आणि न्हाणीघराच्या उरलेल्या फरश्या. फरश्या का ठेवल्या ते आठवत नाही, पण टाकवत नाहीत. सगळं गोधड्यांत गुंडाळलेलं, म्हणजे खडखड होत नाही. ह्यांना खडखड चालत नसे.

त्या खांबाला टेकलो ना, त्या दिवशी डिकी रिकामी होती. घराला रंग द्यायचा म्हणून मी सामान अंगणात काढलं होतं. घरी आल्यावर हे बराच वेळ त्या रिकाम्या डिकीत बघत उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, तुझ्या सामानाचा पायगुण आहे. यापुढे तुझा संसार मागे असल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही." असं कोण म्हणतं हो बायकोला! मी लाजून आत पळाले. आणि वर हेही म्हणाले, "मेकॅनिक यायचा असला की तेवढं काढून ठेवत जा. हसतील लोक." दोन्ही गोष्टी मी आजवर पाळल्यात. डिकीची किल्ली माझ्या गळ्यात असते, दोऱ्यात.

सामान ने-आण करायला नातीच्या लहानपणीची बाबागाडी आहे. एकेक वस्तू ठेवायची आणि ढकलायची. चाक कुईकुई करतं. सूनबाई खिडकीतून म्हणाली, "आई, कुणाला फिरवताय?" मी म्हटलं, "वरवंट्याच्या धाकट्या भावाला."

५ मार्च

टायर बसले! काय सांगू. मागून बघितलं तर गेंडा कुस्तीला उभा राहिल्यासारखा दिसतो. नवी रिम, नवे टायर, काळे कुळकुळीत. त्यांचा वास सुद्धा मला आवडला. हवालदाराने जॅक काढला, गाडी खाली बसवली आणि टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं घालून बघितलं. "दोन बोटं मोकळी आहेत. निवांत."

नातीने तरी स्वतः मोजलं. ती दातांच्या कवळ्या बनवते. केसाएवढा फरक तिला नुसत्या डोळ्याने कळतो. माझी कवळी तिनेच केली आहे. मोजून म्हणाली, "बरोबर आहे."

दुपारी सगळे आत गेल्यावर मी सामान जागच्या जागी लावलं. पहिल्याच फेरीला पायगुण नको का?

संध्याकाळी आम्ही दोघी निघालो. गल्लीच्या तोंडाशी तो उंचवटा आहे ना, रस्त्यातला, त्यावरून उतरलो आणि मागून खर्रर्र! दळणात खडा यावा तसं. रबर जळल्याचा वास. नातीने करकचून ब्रेक लावला. खाली उतरून बघते तर टायरला पांढरी रेघ, मडगार्डची कड घासून घासून. नातीचा चेहरा एवढासा झाला. घरी लेक म्हणाला, "मी काही बोलतच नाही." म्हणजे बोललाच.

६ मार्च

सकाळी हवालदार यायचा म्हणून पुन्हा डिकी रिकामी केली. बाबागाडीच्या चाकाला खोबरेल घातलं.

हवालदाराने बोटं घातली. दोन बोटं मोकळी. नातीने मोजलं. मोकळी. हवालदार मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "ताई, टायर घासत नाहीये. तुम्ही जोरात चालवता."

"मी? उंचवट्यावरून मुंगीसारखी नेली!"

"मग मुंगी जाड असेल."

मी हसले. नातीने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा ठेवायला उठले. चहात साखर दोनदा पडली. हवालदार म्हणाला, असा चहा मिळणार असेल तर मी रोज येतो.

तो गेल्यावर सामान लावलं, संध्याकाळी निघालो. खर्रर्र.

८ मार्च

आज हवालदाराने मडगार्डची कड कानशीने घासून गुळगुळीत केली. त्याआधी मी डिकी रिकामी केली. त्यानंतर भरली. मग आम्ही निघालो. मग खर्रर्र. रोजचंच झालंय. माझी कंबर बोलायला लागली आहे, पण मजा वाटते. घरात माणसांची ये-जा आहे, गाडी सुरू होते, बशा वाजतात. हे असताना रविवार असाच असायचा.

नात मात्र रडवेली आहे. म्हणते, "आजी, या गाडीत भूत आहे. माणूस बघायला आला की नीट वागते."

मी म्हटलं, "तुझे आजोबा पण तसेच होते."

११ मार्च

आज तो शौकीन येऊन गेला. पांढरे बूट, पांढरी विजार, आणि बोलणं असं की लोण्यात तळलंय. गेंड्याभोवती फिरला, मागे आला आणि थबकला. "हे टायर कुणी चढवले? मला जुने, बारीकच हवेत. असली वस्तू जशी होती तशीच असायला हवी."

नात म्हणाली, "वस्तू नाही, गाडी आहे. हिला चालायचं असतं."

"माझ्याकडे ती काचेच्या खोलीत राहील. चालायची दगदगच नाही."

काचेच्या खोलीत गेंडा! मग तो म्हणाला, "डिकी उघडा बरं." डिकी भरलेली होती. मी म्हटलं, "किल्ली हरवली." म्हणतानाच दोरा पदरातून बाहेर लोंबला. लेकाने माझ्या गळ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा सांगणार. पण तो म्हणाला, "हो, किल्ली बरेच दिवस सापडत नाहीये." बघा, गळ्यातली किल्ली दिसली नाही त्याला. चष्म्याचा नंबर वाढलाय. सूनबाईला सांगायला हवं.

जाताना त्या माणसाने गेंड्याच्या टपावर थोपटलं, तसा लेकाने खिशातून रुमाल काढून ती जागा पुसली. स्वच्छतेचं वेड लहानपणापासूनच आहे त्याला.

१२ मार्च

आज जे झालं ते लिहिताना हसू येतंय, अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या.

नातीने कामावरून ते गुलाबी मेण आणलं होतं, कवळीचं माप घेतात ते. काल ते मडगार्डच्या आतून चिकटवलं होतं. फिरून आलो तर मेण पार भुगा. आज सकाळी हवालदारासमोर बोटं घातली तर दोन बोटं मोकळी. हवालदाराने हात जोडले. "ताई, माझी अक्कल संपली." नात जुन्या बारीक टायरवर जाऊन बसली. म्हणाली, "आजी, संपलं. रविवारी घेऊन जाईल तो."

तिला असं बघवेना. मी शेजारी बसून भाजलेले दाणे खात होते, तिला पण दिले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझी ही कवळी तरी काय? तू बसवलीस तेव्हा झक्क बसली. पण दाणे चावले की इथे डावीकडे टोचते. रिकाम्या तोंडात सगळंच नीट बसतं."

नातीने चावायचं थांबवलं. "परत म्हण."

"टोचते म्हटलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

"ते नाही! रिकाम्या तोंडात..." ती उभी राहिली. "हवालदारकाका, आपण मोजतो तेव्हा गाडी रिकामी असते! भार पडला की ती मागून खाली बसते आणि टायर वर जाऊन घासतो." मग तिचाच चेहरा पडला. "पण आम्ही दोघीच तर बसतो. पुढे. दोघींनी एवढी कशी बसेल?"

"नाही तर काय," मी म्हटलं, "आणि सामान ते केवढंसं."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. नात अगदी हळू म्हणाली, "आजी, कसलं सामान?"

झालं. मग मला पडवीतल्या चादरीखाली झाकलेला संसार दाखवावा लागला. हवालदाराने जात्याची एक तळी उचलायला घेतली आणि तशीच खाली ठेवली. मग मशीनचं डोकं, मग फरश्या. नात आधी कपाळाला हात लावून बसली आणि मग जी हसत सुटली! हवालदार मिशा धरून हसत होता. "आजी, तुम्ही एकट्याने हे रोज काढत होता आणि रोज भरत होता? मला का नाही सांगितलं?"

"लोक हसतील म्हणून," मी म्हटलं. आणि दोघं आणखी हसले.

मग मी पायगुणाची गोष्ट सांगितली. माझा हात हातात घेऊन नात म्हणाली, "आजी, बारीक टायर होते ना, ते पकड घेत नव्हते. आजोबांना मागे वजन हवं होतं. वजनाने चाक जमिनीला धरून राहतं. त्या दिवशी डिकी रिकामी होती म्हणून चाकं गरगरली. तुझं सामान म्हणजे... भार होता गं."

मी जरा वेळ दाणे मोजत बसले. इतकी वर्षं! मला वाटलं होतं माणूस प्रेमाने बोलतोय, आणि तो जातं तोलत होता! लबाड! मग आठवलं, ते वाक्य म्हणताना ह्यांचे कान लाल झाले होते. नुसत्या जात्यासाठी कुणाचे कान लाल होतात का? नातीला म्हटलं, "तू म्हणतेस भार, मी म्हणते पायगुण. माणूस तोच, सामानही तेच. तुला काय करायचंय?"

१३ मार्च

आज मडगार्डची कड मुडपली. पदराला दुमड घालतात ना, तसं. आतली पत्र्याची कड वर दुमडायची, म्हणजे टायरला जागा होते. पत्रा थंड असला तर रंग तडकतो, म्हणून सूनबाईचं केस वाळवायचं यंत्र आणलं. सूनबाई स्वतःच धरून उभी राहिली. म्हणाली, "माझ्या केसांना इतक्या मायेने कुणी वारा घातला नाही."

आता दाबायला काहीतरी गोल, लांब, मजबूत हवं होतं. हवालदार इकडे तिकडे बघायला लागला. मी चादरीखालून मुसळ काढून दिलं. टायर आणि कडेच्या मधे मुसळ अडकवायचं आणि गाडी हळूहळू ढकलायची. मुसळ लाटण्यासारखं फिरत जातं आणि कड दुमडत जाते. ढकलायला माणूस कमी पडत होतं. तेवढ्यात लेक आला, पेपर शोधत. "काय चाललंय?" म्हणाला, आणि उत्तर मिळायच्या आत बाह्या सरसावून ढकलायला लागला. "हळू! डावीकडून! रंगाला सांभाळून!" सगळ्यांत जास्त ओरडत हाच होता. मला कळेना, विकायची गाडी आहे तर रंगाची एवढी काळजी कशाला.

मग माप घेतलं. या वेळी भरल्या तोंडाने! मी, सूनबाई, लेक मागे कोंबून बसलो, नात पुढे, हवालदार खाली आडवा. "जागा आहे," तो म्हणाला.

नात म्हणाली, "अजून एक बोट वाढवू या."

"कशाला? चौघं बसून मोकळं आहे."

"असू दे," ती म्हणाली, माझ्याकडे बघून.

मी काय एवढी जाड झालेय का? पण तिने काळजीने केलं, म्हणून बोलले नाही.

हवालदार निघताना मुसळ माझ्या हातात देत म्हणाला, "आजी, आठवडाभराची मेहनत, वाटलं सगळं मुसळ केरात." मी म्हटलं, "केरात कशाला जाईल? त्याची जागा मडगार्डात होती, तिथे पोचायला वेळ लागला."

१५ मार्च

सकाळी डिकी रिकामीच ठेवली. नात म्हणाली, "टायर पकड घेतील. भार नको." मी हो म्हटलं, पण गळ्यातली किल्ली मुठीत धरून ठेवली. रिकाम्या डिकीने त्या चढावर मी एकदाच गेले होते.

सूनबाईला गाडी लागते म्हणून ती पुढे. मी आणि लेक मागे. तो लहानपणी बसायचा त्याच कोपऱ्यात बसला. टाकीचा चढ समोर आला. खडी तशीच आहे, खांबही तसाच, थोडा कललेला. नातीने विचारलं, "निघू?" लेकाने सीटवरून हात सरकवला आणि माझा हात धरला. लहान असताना धरायचा तसाच, दोन बोटं तेवढी.

नातीने पाय दाबला. गेंडा गुरगुरला. मी वाट बघत होते गरगरण्याची, धुराची. ते काही झालंच नाही. मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलावं तसं झालं आणि मी सीटमधे रुतले. खडी टायरखाली चर्र चर्र वाजत राहिली आणि गेंडा चढत गेला, चढत गेला. कुठे घासणं नाही, घसरणं नाही. सूनबाई डोळे मिटून "झालं का? झालं का?" विचारत होती. वर टाकीपाशी पोचलो तेव्हा मी ओरडत होते. काय ओरडत होते ते माहीत नाही. कवळी हातात काढून घेतली होती.

सगळे उतरले. लेक उतरेना. खाली खांबाकडे बघत बसला होता. नातीने भीत भीत विचारलं, "बाबा? फोन करायचा का त्यांना?"

"करतो," तो म्हणाला. "आधी किल्ली दे. मी एकदा चढवून बघतो."

तो एकदा नाही, पाच वेळा चढवून आला. शेवटच्या वेळी खिडकीतून हात बाहेर काढून हलवत होता. डोळ्यांत खडीची धूळ गेली होती म्हणे, रुमालाने पुसत होता. त्या पांढऱ्या बुटांच्या माणसाला फोन करताना मात्र आवाज अगदी ठणठणीत. "गाडी विकायची नाही. नाही, पुढेही नाही. ती वस्तू नाही हो, गाडी आहे."

१७ मार्च

नातीने माझी कवळी डावीकडून घासून दिली. आता दाणे चावता येतात. या वेळी तिने समोर बसवून, दाणे खायला लावूनच माप घेतलं.

जातं, फरश्या, मशीन सगळं पडवीत मांडलंय. सूनबाई म्हणाली, इस्त्र्या पुसून फळीवर ठेवू, छान दिसतील. डिकी रिकामी. नातीने सकाळी ती झाडून घेतली आणि मला म्हणाली, "बघ आजी, किती मोठी आहे." मोठी आहे खरी. उघडली की ओकी ओकी वाटते.

रविवारी लेक आम्हाला फिरायला नेणार आहे. लांबच्या रस्त्याने. पेपरचं नाव तो आता काढत नाही, सरळ जाऊन गाडीत बसतो.

दुपारी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी बाबागाडी काढली. फक्त खलबत्ता नेला. एकटाच, गोधडीत गुंडाळून, अगदी कोपऱ्यात. तेवढ्याने काय होतंय? एक बोट जागा जास्तीची आहेच.